उमेदवाराचा मायना

नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाभोवती मराठीत जे शब्द जमले आहेत, ते एकदा ओळीने मांडून पाहावेत. उमेदवार, अर्ज, शिफारस, वशिला, मुलाखत, हुद्दा, रुजू, रजा, बडतर्फ हे सगळे फारसी-अरबीच्या वाटेने दरबारातून आले. पगार पोर्तुगिजांकडून आला. मॅट्रिक, सर्टिफिकेट, बायोडेटा, इंटरव्ह्यू इंग्रजी अमदानीत आणि तिच्या मागोमाग आले. प्रत्येक राजवटीने नोकरी दिली तशी नोकरी मागण्याची भाषाही दिली, आणि ती भाषा ज्यांना आधी उमगली त्यांची घरे आधी वर आली. उमेदवार म्हणजे उमेद धरून असलेला, मुलाखत म्हणजे भेट, वशिला म्हणजे पोचण्याचे साधन. नोकरीच्या दाराशी जे घडते ते या तीन शब्दांत सगळे आले: एकाची आशा, दुसऱ्याची मर्जी, आणि मधले अंतर तोडून देणारा कोणी तिसरा.

आज संवादकौशल्य हा शब्द एखाद्या नव्या, परदेशी विद्येसारखा उच्चारला जातो. करिअर घडवायचे तर नीट बोलता-लिहिता आले पाहिजे, स्वतःला मांडता आले पाहिजे, असे कॉलेजाकॉलेजांतून सांगितले जाते, जणू आधीच्या पिढ्यांना हे ठाऊकच नव्हते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही विद्या निदान साडेतीनशे वर्षांची आहे. तिचे गुरू होते, ग्रंथ होते, कित्ते होते. ती जन्मजात देणगी आहे असे तेव्हाच्या जाणत्यांनी मानले नाही. त्यांच्या लेखी ती नियमांची विद्या होती. माझे म्हणणे या नियमांबद्दल आहे. ते उघड्यावर मांडले गेले, कोणालाही शिकता येतील असे झाले, तेव्हा तेव्हा नोकरीचे दार रुंद झाले. ते काही घराण्यांच्या अंगवळणी पडून अबोल राहिले, तेव्हा तेच दार अरुंद झाले. हे पाहायचे तर मोडीच्या फडापासून, म्हणजे जुन्या राजवटीतल्या कचेरीपासून, सुरुवात करावी लागते.

पुण्यात पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या घरात कारकून असत. फडणीस, मुजुमदार, चिटणीस, सबनीस, पोतनीस ही आज आपल्याला आडनावे वाटतात. तेव्हा ते हुद्दे होते आणि प्रत्येकाच्या हाताखाली लिहिणाऱ्यांची उतरंड होती. तिथे शिरणाऱ्या मुलाचे शिक्षण नकलेवर चाले. बोरू तासायचा, त्याचे टोक तिरके छाटायचे, कागदाला घडी घालून समास पाडायचा, आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत जायची, ओली शाई वाळूने टिपायची. जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद हातचा, मेहनतीने केलेला. तो वाया घालवणे परवडत नसे. मोडी भरभर लिहिता येते, पण वाचायला अवघड. तिच्यात शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि लपेटीच्या वळणात दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसू लागतात. वाचणाऱ्याला निम्मा मजकूर सवयीने ओळखावा लागतो. म्हणून ठराविक शब्द ठराविक जागी असणे याला फार मोल होते. घाईत लिहिलेले पत्र शंभर कोसांवर दुसऱ्या कारकुनाच्या हातात उलगडायचे ते या साच्याच्या जोरावर. जुन्या पत्रांतल्या ठशाच्या वाक्यांना पोकळ शिष्टाचार म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटते.

साच्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे मायना. शब्द अरबीतला, त्याचा मूळ अर्थच ‘अर्थ’. मराठीत मात्र तो पत्राच्या आरंभी येणाऱ्या संबोधनाला चिकटला, आणि ते योग्यच झाले, कारण लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते काय आहे हाच पत्राचा पहिला अर्थ असे. वडीलधाऱ्याला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, वैदिकाला वेदशास्त्रसंपन्न, सरदाराला अखंडितलक्ष्मीअलंकृत, बरोबरीच्या प्रतिष्ठिताला राजमान्य राजश्री. शेवटही तसाच तोलून मापून करायचा: वरच्याला लिहिताना ‘हे विनंती’, हाताखालच्याला ‘जाणिजे’. नमस्कार करायचा, आशीर्वाद द्यायचा की दंडवत घालायचा, हे जात आणि वय पाहून ठरे. एक शब्द कमी पडला तर अपमान, एक शब्द जास्त झाला तर लाचारी. चाकरी मागणाऱ्याला पहिल्या ओळीतच स्वतःची पायरी आणि समोरच्याची पायरी अचूक ओळखून दाखवावी लागे. श्रोता ओळखून बोलावे, असे आज शिबिरांतून शिकवतात, ते हेच. शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नात मुले अजून ‘स. न. वि. वि.’ लिहितात. सप्रेम नमस्कार विनंती विशेष असा त्याचा विस्तार आहे, आणि त्या चार अक्षरांत फडातल्या कारकुनाची अख्खी पहिली ओळ दबून बसली आहे.

हे सगळे तोंडी परंपरेवर सोडलेले नव्हते. मेस्तक नावाच्या पोथ्या कारकुनांसाठीच लिहिल्या जात. कोणाला कोणता मायना, हुद्द्यांची नावे, हिशेबाच्या रीती, शिवाय लिहिणाऱ्याने कसे वागावे याचा उपदेश, असे त्यांचे स्वरूप. परंपरा त्यांतल्या एका मेस्तकाचे कर्तृत्व हेमाडपंताला, म्हणजे तेराव्या शतकातल्या यादवांच्या श्रीकरणाधिप हेमाद्रीला देते. मोडी लिपी त्यानेच आणली ही समजूत अभ्यासक जशीच्या तशी मान्य करत नाहीत, पण त्याचे नाव या पोथ्यांना चिकटले यातून एक गोष्ट कळते: लेखनाच्या नियमांना थोर पुरुषाचा आधार द्यावा इतके ते नियम लोकांना महत्त्वाचे वाटत होते. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनाला दिला. अक्षर वाटोळे, मोकळे, काळेभोर असावे, ओळी सरळ जाव्यात, आरंभापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिले असे वाटावे, असा तपशील तिथे येतो. मोक्षाची वाट सांगणाऱ्या ग्रंथात समास किती सोडावा याचीही वास्तपुस्त घेतली जाते. शिवकाळातच रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश रचला आणि सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. कारकुनांच्या रोजच्या लेखणीने फारसी काही सोडली नाही, पण राज्याची भाषा ठरवून बदलता येते, तिची यादी करता येते, ती शिकवता येते, हा विचार त्या कोशामागे होता. पुढे १९३१ साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्याने श्रीसयाजीशासनकल्पतरू काढला, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन होऊन पदनाम कोशाचे काम निघाले. हे सारे त्याच विचाराचे वारस.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. नियम जर पोथीत लिहिलेले होते, तर दार सर्वांना उघडे का झाले नाही? लेखणी ब्राह्मण, कायस्थ प्रभू आणि सारस्वत अशा मोजक्या जातींच्याच हाती का राहिली? याचे उत्तर पोथीच्या प्रवासात आहे. मेस्तक छापलेले नव्हते. ते हाताने उतरवून घ्यायचे, आणि उतरवून घ्यायला ज्याच्या घरी ते आहे त्याच्या ओसरीवर बसता यायला हवे. लिहून ठेवलेला नियम आणि उघडा नियम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला कपाटात राहू शकतो. दुसऱ्यासाठी शाळा लागते, शिवाय ती शाळा सर्वांना खुली असावी असा राज्याचा निश्चय लागतो. त्यात उमेदवारीची रीत होती. मोल्सवर्थच्या कोशात उमेदवाराचा अर्थ चाकरीच्या आशेवर थांबलेला माणूस असाच दिला आहे, आणि ते थांबणे बिनपगारी असे. कचेरीत जायचे, नकला करायच्या, मामलेदाराच्या नजरेत राहायचे, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. ही रीत कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या राज्यातल्या कचेऱ्यांतही चालू राहिली. दोन-तीन वर्षे पगाराविना ज्याचे घर चालते, तोच उमेदवारी करू शकतो. ज्याच्या घरी रोज संध्याकाळची भाकर रोजच्या मजुरीवर शिजते, त्याला कितीही वळणदार अक्षर आले तरी ही वाट बंद होती. कौशल्य शिकायला लागणारा वेळ हीच इथे खरी फी होती.

इंग्रजी राज्यात साचा बदलला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. त्यानंतर मॅट्रिक हा शब्द घराघरांत पोचला. अर्ज आता इंग्रजीत, सुरुवातीला महाशय, शेवटी आज्ञाधारक सेवक. आपल्या मराठी अर्जाच्या तळाशी आजही येणारे ‘आपला विश्वासू’ हे त्या इंग्रजी समाप्तीचेच भाषांतर आहे. वरवर पाहता इथे मोठी क्रांती झाली: मर्जीच्या जागी परीक्षा आली, आणि परीक्षेचा अभ्यासक्रम छापील, सर्वांना सारखा. पण परीक्षेला बसण्याआधीची दहा वर्षे शाळेत काढावी लागत, आणि ती काढणारे बहुतेक त्याच घरांतले होते, जिथे आधीपासून बोरू आणि दौत होती. एका लेखणीचे घर दुसऱ्या लेखणीकडे सहज वळले. ज्यांच्याकडे पहिलीच नव्हती, त्यांना दुसरीपर्यंत पोचायला दोन पिढ्यांचे अंतर एकदम तोडावे लागणार होते.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसले ते जोतीराव फुल्यांना. शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी कचेरीत आलेल्या निरक्षर शेतकऱ्याची जी दैना मांडली, तिचे मूळ एका गोष्टीत आहे: कागदावर काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक, अंगठा उठवणाऱ्याला नाही. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले. वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. या यादीत मोडीचे नाव वाचून आज कोणाला ती जुन्याची ओढ वाटेल. पण फुले मोडी मागत होते याचे कारण कचेरीचा कागद, सावकाराची वही, गहाणखत हे सारे मोडीत होते. ज्या लिपीत आपल्याला फसवले जाते ती आपल्या मुलांना आली पाहिजे. मेस्तकाची विद्या कपाटातून काढून गावच्या शाळेत आणावी, ही त्या निवेदनामागची मागणी आहे, आणि नोकरीच्या भाषेच्या इतिहासात मला तिच्याइतका नेमका क्षण दुसरा दिसत नाही.

वाचणाऱ्याला इथे दुसरा आक्षेप सुचला असेल. या मायन्यांत आणि विनंतीअर्जांत माणसाचा कणा वाकवणारे काहीतरी आहे. कृपावंत, सेवेशी, आज्ञाधारक असे शब्द ज्या विद्येच्या मुळाशी आहेत, ती विद्या सर्वांना शिकवून आपण सर्वांना वाकायलाच शिकवले, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. पण साचा जसा वाकवतो तसा अनोळख्याला तोंडही देतो. याचा पुरावा महार समाजाच्या अर्जांत आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करात महारांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांची भरती थांबवली गेली. निवृत्त हवालदार गोपाळबुवा वलंगकर यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लष्कराच्या वरिष्ठांसाठी विनंतीअर्ज तयार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी गावोगावच्या महारांना सभेला बोलावले, सरकारकडे अर्ज केला, आणि १९१० साली तो थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेला. लष्करात आणि पोलिसांत खालच्या जागांवर तरी आम्हाला घ्या, अशी मागणी. अर्जाचा साचा सरकारी, शब्द नम्र, पण मजकुरात हक्काची भाषा: आम्ही याच राज्याचे प्रजाजन, आमची आधीची चाकरी सर्वांना ठाऊक, मग दार बंद का? गावात ज्याला पाटलासमोर चार शब्द उभे राहून बोलण्याची मुभा नव्हती, त्याला लंडनमधल्या मंत्र्याला लिहिता आले ते या ठराविक चौकटीमुळे. मायना लिहिला की ज्याला लिहायचे त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता तयार होतो. पुढे काय म्हणायचे ते लिहिणाऱ्याच्या हातात. कांबळ्यांनी १९०८ पासून सोमवंशीय मित्र हे पत्रही चालवले, तेही याच विश्वासाने. मायन्याचेही तेच झाले. राजमान्य राजश्री हा एकेकाळी प्रतिष्ठितांचा मान. छापखाने आणि टपाल आल्यावर त्याचे ‘रा. रा.’ झाले आणि तो जवळपास कोणाच्याही नावामागे लागू लागला. नियम सर्वांच्या हाती आला की त्यातली पायरी झिजते.

या कथेतले सर्वांत ठोस पाऊल कोल्हापुरात पडले. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा राज्यकारभारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, आणि कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे जेमतेम १० होत्या. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. मागासलेले म्हणजे कोण, हे सांगताना ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे, असा खुलासा होता. ती वगळलेली नावे वाचली की जाणवते: शेणवी म्हणजे सारस्वतच, तेव्हा पारशी सोडले तर ही जुन्या फडाचीच यादी आहे. हुकूम जातीचा दिसतो, पण त्याने बोट ठेवले ते लेखणीच्या मक्तेदारीवर. आणि महाराज नुसत्या हुकुमावर थांबले नाहीत. त्याच सुमारास वसतिगृहे निघाली, म्हणजे खेड्यातल्या मुलाला शिकण्यापुरता वेळ आणि भाकर मिळाली. उमेदवारीची ती न दिसणारी फी राज्याने भरली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले गेले, त्यांच्या शिक्षणाची सोय झाली, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातली मुलेही तलाठी झाली. कुलकर्ण्याचे दफ्तर वंशपरंपरेने बापाकडून मुलाकडे जात असे. तेच दफ्तर ठेवण्याची विद्या आता वर्गात बसून शिकता येऊ लागली. गावच्या जमिनीचा उतारा कोण लिहितो यावर गावात कोणाचे चालते हे ठरत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे वजन कळते.

मुंबईच्या गिरण्यांनी मात्र या युक्तिवादाला वेगळेच आव्हान दिले. १८५० च्या दशकात पहिली गिरणी उभी राहिली आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत लाखाहून जास्त माणसे कोकणातून, घाटावरून येऊन तिथे कामाला लागली. त्यांतल्या बहुतेकांनी अर्ज म्हणून कधी कागद हाती धरला नाही. त्यांचा अर्ज म्हणजे गाववाला, आणि त्यांची मुलाखत म्हणजे मुकादमाची नजर. जॉबर म्हणा, मुकादम म्हणा, बायकांच्या खात्यात नायकीण म्हणा. कामावर घेणे, ठेवणे, काढणे हे सारे त्या एका माणसाच्या तोंडी होते. मग लेखी विद्येचे एवढे कौतुक कशाला, असे विचारता येईल. निरक्षर माणसाला परक्या शहरात आठवड्याभरात काम, राहायला गाळा आणि खानावळीत उधारी मिळवून देणारी ही तोंडी व्यवस्था कमी प्रतीची कशी? तिला कमी लेखायचे माझ्या मनात नाही. रत्नागिरीच्या किती घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. पण तिची किंमत होती. जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, घेताना आणि मग टिकण्यासाठीही. नायकिणीची मर्जी गेली तर बाईला दुसऱ्या दिवशी खाते बंद. आणि अन्याय झाला तर बोट ठेवायला नियमच नसे, कारण सगळे तोंडी. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर नेमके बोट ठेवले आणि गिरण्यांत कामगार अधिकारी नेमावेत असे सुचवले. १९३५ पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. कार्डवाल्याने सकाळी गिरणीत हजर व्हायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. मालकांचा हेतू कामगारांवर ताबा ठेवण्याचा होता, त्यात शंका नाही. तरीही ते कार्ड कामगाराच्या खिशात होते, आणि ते दाखवून मी इथला आहे असे म्हणता येत होते. बोलेल त्याची बोरे विकतात ही म्हण खरी आहे, पण बाजारात बोलण्याची परवानगी कोण देतो हे ती सांगत नाही.

अक्षर नसलेल्यांसाठी शहराने स्वतःची सोयही काढली. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसबाहेर कबुतरखान्याजवळ लेखनिक बसत. मनीऑर्डरचा फॉर्म आणि घरचे पत्र ते दुसऱ्यासाठी लिहीत. मेस्तकाची विद्या काही पैशांत उसनी मिळण्याची ती जागा होती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे दार आणखी उघडले, आणि यावेळी त्याची चावी यंत्राच्या रूपात आली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये निघाली, १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा तिथे कळवण्याचे बंधन आले, आणि घरोघरी ‘कॉल’ येण्याची वाट पाहिली जाऊ लागली. त्याच काळात तालुक्याच्या गावी, बहुतेकदा एखाद्या जिन्याच्या वर, टायपिंगच्या संस्था उघडल्या. १९५५ मध्ये गोदरेजने देशी टाइपरायटर काढला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आणण्याची दिशा ठरवली, तसा मराठी टंकलेखनाला भाव आला. सकाळी सहापासून तिथे तासांच्या पाळ्या लागत. आधी मधल्या ओळीची अक्षरे, डोळे कळफलकावर न नेता, तेच तेच शब्द पानभर. मग उतारा, मग पत्र, मग तक्ता. पत्रात समास किती सोडायचा, जावक क्रमांक कुठे, विषय आणि संदर्भ कोणत्या ओळीवर, समाप्तीचा मायना किती आत घ्यायचा, हे सारे मोजून शिकवले जाई. फडातल्या कारकुनाने कागदाला घडी घालून जे केले तेच ही मुले मार्जिनची कळ सरकवून करत होती. फरक एवढाच की मिनिटाला मराठीचे ३० शब्द किंवा इंग्रजीचे ४० हा लिपिक-टंकलेखकाच्या जागेचा निकष जाहीर होता. तो परीक्षकाच्या मर्जीवर नव्हता, आडनावावर नव्हता, उच्चारावर तर मुळीच नव्हता. ज्या घरात याआधी कोणी कचेरीची पायरी चढले नव्हते, तिथल्या मुली या प्रमाणपत्राच्या जोरावर ती चढल्या. टंकलेखनाला कारकुनी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

आता राहिला तो सर्वांत आजचा आक्षेप. लेखी साचे आणि शब्दांचा वेग मोजून आजची कामे होत नाहीत. माणूस समोर बसवून, त्याचे बोलणे ऐकून, त्याला जोखल्याशिवाय योग्य माणूस निवडता येत नाही, म्हणून मुलाखत हवी आणि संवादकौशल्य पाहायलाच हवे. ज्या कामात दिवसभर माणसांशीच बोलायचे आहे, तिथे बोलणे पाहावे हे मला पटते. पण मुलाखत निकष लपवायलाही सोपी जागा आहे, हे सरकारनेच मान्य केले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या, आणि त्यामागचे एक कारण उघडपणे वशिला आणि भ्रष्टाचार हे सांगितले गेले. मुलाखत म्हणजे मुळात थोरामोठ्यांची भेट, आणि वशिला तिच्या शेजारी उभा असतो. या शब्दांचे जुने अर्थ पुसले गेले आहेत असे मानायला हा निर्णय जागा ठेवत नाही.

खासगी नोकऱ्यांत मात्र जाहिरातीच्या तळाशी एक ओळ हटकून येते: उत्तम संवादकौशल्य आवश्यक. कोणत्या भाषेत, ते लिहिलेले नसते. बोलण्यात की लिहिण्यात, तेही नसते. ग्राहकाच्या तक्रारीला चार ओळींचे उत्तर लिहायचे आहे, की परदेशातल्या साहेबासमोर वीस मिनिटे सादरीकरण करायचे आहे, की फोनवर पत्ता समजावून सांगायचा आहे, यांतले काहीच कळत नाही. ज्याच्या घरी जेवताना इंग्रजी बोलतात त्याला हा नियम न सांगता कळतो, जसा फडणिसाच्या मुलाला मायना न सांगता कळत असे. अहेरीच्या किंवा जतच्या मुलीला तो कळायचा तर कोणीतरी तो लिहून द्यावा लागेल: या जागेसाठी हे एक पत्र लिहायचे आहे, इतक्या शब्दांत, या भाषेत, आणि आम्ही त्यात या चार गोष्टी पाहणार आहोत. टंकलेखनाच्या परीक्षेने तिच्या आईला एवढे तरी सांगितले होते, मिनिटाला ३० शब्द.